सप्लाय जाताना रिसेट का डळमळतो: पार्श्वभूमी

सप्लाय बंद केला की रिसेटची लाइन (प्रोसेसरला थांबवून पहिल्यापासून सुरू करायला लावणारा सिग्नल) खाली जाते, मग मध्येच वर उसळते. कधीतरी ईईप्रॉममधली (सप्लाय गेल्यावरही डेटा टिकवणारी मेमरी) सेटिंगही बिघडलेली सापडते. दुखणं जुनं आहे. रिसेटचा विचार सुरुवातीला फक्त सप्लाय चढतानाचा झाला, उतरण्याकडे कुणी फारसं पाहिलंच नाही.

१९८० साली आलेला इंटेलचा ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर (प्रोसेसर, मेमरी वगैरे एकाच चिपमध्ये) घ्या. डिप्लोमाला आपल्यापैकी अनेकांनी त्याचं सर्किट काढलं आहे. रिसेट पिनपासून सप्लायकडे १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ग्राउंडकडे ८.२ किलोओहमचा रेझिस्टर. सप्लाय येताना कपॅसिटर पिनला वर ओढतो आणि चिप रिसेट होते. सप्लाय उतरताना मात्र तोच कपॅसिटर पिनला खाली खेचतो. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी रिसेट मिळतच नाही, आणि अपुऱ्या व्होल्टेजवरचा प्रोसेसर भलत्याच सूचना चालवू शकतो. बॅटरीवर डेटा जपणारी रॅम असेल तर तिच्यातला डेटाही असा प्रोसेसर खराब करू शकतो.

यावर ऐंशीच्या दशकात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीएल७७०५, मॅक्सिमचा मॅक्स६९० असे सुपरव्हायझर आयसी, म्हणजे सप्लायवर नजर ठेवून रिसेट देणाऱ्या चिप, आले. ते सप्लायची तुलना स्वतःच्या रेफरन्सशी, म्हणजे आतल्या स्थिर व्होल्टेजशी, करतात. मॅक्स६९० साधारण ४.६५ व्होल्टच्या खाली रिसेट देतो.

मायक्रोकंट्रोलरच्या पोटात ही सोय सगळीकडे लगेच आली नाही. ॲटमेलच्या एटी९०एस८५१५ मध्ये ब्राऊन-आउट डिटेक्टर (व्होल्टेज फार उतरलं की रिसेट देणारा भाग) नव्हता. व्होल्टेज अपुरं असेपर्यंत रिसेट खाली धरून ठेवा (८०५१ च्या उलट, इथे पिन खाली असताना रिसेट लागू होतो), असं त्याची डेटाशीटच बजावते. पुढे एटीमेगा८ मध्ये डिटेक्टर आला, पण फ्यूज बिट (प्रोग्रामिंगच्या वेळी ठरवायची चिपची कायम सेटिंग) बदलेपर्यंत तो बंदच असतो! ईईप्रॉम बिघडल्याची तक्रार आली की मी तरी आधी हेच तपासायला सांगेन.

सुपरव्हायझरलाही मर्यादा आहे. मॅक्स८०९ या सुपरव्हायझरचा आउटपुट साधारण १ व्होल्टपर्यंतच खात्रीचा. त्याखाली तो लाइन सोडून देतो आणि ती तरंगते, म्हणजे तिला वर किंवा खाली धरणारं कुणी उरत नाही. त्याच लाइनवर दुसऱ्या, अजून जिवंत सप्लायवरची चिप असेल तर तिला ही उसळी म्हणजे रिसेट खरंच सुटला असं वाटू शकतं. रिसेट ते ग्राउंड १०० किलोओहम लावणं हा उत्पादकानंच दिलेला इलाज आहे. स्कोपवर सप्लाय आणि रिसेट एकत्र पाहा, ट्रिगर सप्लायच्या उतरत्या कडेवर. मात्र प्रोबचे १० मेगाओहमही तरंगती लाइन खाली ओढतात, त्यामुळे प्रोब लावताच दोष दिसेनासा झाला तर संशय याच जागेवर घ्यावा.