मे महिन्यात मिठाला पाणी सुटतं तेव्हा

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. गच्चीवर कुरडया दोन दिवसांत खडखडीत वाळत होत्या, दुपारी नागपुरात धरमपेठेच्या रस्त्यावर चिटपाखरू दिसत नव्हतं, आणि लोणच्याची तयारी करायला बसलो तर बरणीतल्या खडेमिठाला पाणी सुटलेलं. कैऱ्या फोडायला आलेल्या शेजारच्या काकूंनी बरणी तिरपी करून पाहिली. तळाशी बोटभर खारं पाणी हललं. "अव माय, भर उन्हाळ्यात मिठाले पाणी काहून सुटलं?"

प्रश्न रास्त होता. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या खाली असेपर्यंत शुद्ध मीठ कोरडं राहतं. त्यापुढे गेली की ते हवेतली वाफ ओढून त्यातच विरघळू लागतं. साखर त्या मानाने सोशिक, तिला ८५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते. म्हणून पावसाळ्यात आधी मीठ पाझरतं, साखर मागून. खडेमिठात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असतो, आणि ते तर ३३ टक्क्यांवरच पाणी ओढायला लागतं. पण मेमधल्या दुपारी नागपूरची हवा त्याहूनही कोरडी असते. म्हणजे आमचं मीठ नागपूरच्या हवेत नव्हतंच. ते कुलरच्या हवेत होतं.

कुलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांमधून ओढतो. ताट्यांतलं पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं, हवा थंड होते, पण ती वाफ सोबत घेऊनच घरात शिरते. ती बाहेर जायला वाट हवी. आमच्या घरी कुलर समोरच्या खोलीच्या खिडकीला आणि एक्झॉस्ट पंखा स्वयंपाकघरात, त्यामुळे घरातली सगळी दमट हवा ओट्यावरून, मिठाच्या बरणीच्या अंगावरून बाहेर पडते. गच्चीवर वाळवंट आणि ओट्यावर कोकण!

तेव्हापासून मला एक खूळ लागलं. तापमान आणि आर्द्रता दाखवणारा तळहाताएवढा स्वस्त मीटर आणला आणि तो स्वयंपाकघरात ठिकठिकाणी ठेवून पाहिला. सगळ्यात तापलेली जागा निघाली माळा, आणि तीही दुपारी नव्हे, रात्री नऊच्या सुमारास. आमचं घर वरच्या मजल्यावर आहे. स्लॅब दिवसभर उष्णता पितो आणि अंधार पडल्यावर ती खाली सोडतो. ओट्याखालचं कपाट त्याहून बरंच थंड, पण सिंकच्या पाइपामुळे दमट. फ्रिजच्या मागचा कोपरा बारा महिने कोमट. गॅसच्या वरच्या फळीवर कुकरची शिट्टी झाली की आर्द्रतेचा आकडा उडी मारतो आणि मग हळूहळू उतरतो. एका दहा बाय आठच्या खोलीत चार हवामानं. डबे कसे मांडावेत याच्या बहुतेक सल्ल्यांत रंग, लेबलं आणि सारख्या बरण्या असतात, हवामानाचा पत्ता नसतो.

हे हवामान अन्नाला कसं भिडतं, हे समजायला एक कल्पना फार उपयोगी पडते. पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा त्यातलं किती मोकळं आहे, याला महत्त्व. ऑस्ट्रेलियातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विल्यम जेम्स स्कॉट यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिलं, की जिवाणूंची वाढ या मोकळ्या पाण्यावर ठरते. त्याला जल-क्रियाशीलता म्हणतात आणि ती ० ते १ अशी मोजतात. निव्वळ पाण्याची १. बहुतेक जिवाणू ०.९१ च्या खाली वाढत नाहीत, बुरशी त्याहून बरीच खाली तग धरते, आणि ०.६ च्या खाली जवळजवळ कोणाचंच काही चालत नाही. मिठाने संपृक्त झालेल्या पाण्याचा आकडा ०.७५. मघाचे ७५ टक्के ते हेच! उघडा पदार्थ भोवतालच्या हवेशी हळूहळू बरोबरी साधतो. सत्तर टक्के आर्द्रतेत पापडाचा डबा उघडा राहिला, की पापडही ०.७ कडे सरकू लागतो. लोणच्यात मीठ हात राखून घातलं की बुरशी येते ती याच हिशोबाने, आणि वरचा तेलाचा थर बुरशीला लागणारी हवा तोडतो.

गहू आम्ही अजूनही वर्षाचाच भरतो. इतवारीतून पोती येतात, गच्चीवर वाळतात, कोठीत जातात. गव्हातलं पाणी १२ टक्क्यांच्या आत असेल तर बुरशीची काळजी उरत नाही. उरतो तो सोंडकिडा. त्याची मादी दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि वरून चिकट स्रावाने बूच लावून टाकते. बाहेरून दाणा अगदी शाबूत दिसतो. अळी आतलं पीठ खात वाढते आणि तिशीच्या आसपासच्या तापमानात महिनाभरात नवा सोंडा बाहेर पडतो. जेव्हा दुकानातून आणलेल्या तांदळात 'आपोआप' किडे झाले असं वाटतं, तेव्हा ते आधीपासून दाण्यांच्या आत असतात. मूग, तूर, हरभऱ्याचा भुंगेरा वेगळा. तो अंडी दाण्यावर बाहेरून चिकटवतो. अख्ख्या मुगावर पांढरे ठिपके दिसले तर ती साल खराब झालेली नसते, ती अंडी असतात.

आता तापमान बघा. पस्तिशीच्या पुढे सोंड्याची वीण मंदावते. त्यामुळे आमचा तापलेला माळा मेमध्ये गव्हाला वाईट नाही. धोका जुलैपासून. पाऊस लागला की नागपूर पंचवीस ते तीसच्या घरात येतं, हवा दमट होते, आणि सोंड्याला याहून सोयीचं काही नसतं. म्हणून गव्हाची लढाई मेमध्येच जिंकायची असते, उन्हाच्या जोरावर. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांना चवळीवर प्रयोग करताना आढळलं, की ५७ अंशांवर तासभर ठेवलं तर भुंगेऱ्याची अंडी, अळ्या सगळं मरतं. तेवढं तापावं म्हणून ते धान्य काळ्या आणि पारदर्शक प्लास्टिकच्या मधे पसरतात. आमच्या गच्चीवरच्या फरशीला मेच्या दुपारी अनवाणी पाय टेकवत नाही. धान्य मात्र पातळ पसरायला हवं, ढीग केला तर खालचे किडे सावलीतच राहतात. आणि तापलेला गहू तसाच कोठीत ओतायचा नाही. बंद कोठीत तो निवताना आतली वाफ झाकणाला आणि पत्र्याला जमते आणि ते थेंब नेमके वरच्या दाण्यांवर पडतात.

याच पर्ड्यूच्या मंडळींचं हवाबंद साठवणीवरचं कामही मोठं आहे. घट्ट बंद पिशवीत किडे आतला प्राणवायू संपवतात आणि मरतात, इथवर ठीक. गुदमरून मरत असतील असं वाटतं. पण कोरड्या धान्यात किड्याला प्यायला पाणी नसतं. तो खाल्लेल्या अन्नाचं प्राणवायूच्या मदतीने ज्वलन करून स्वतःच्या शरीरात पाणी तयार करतो. प्राणवायू गेला की ते पाणी बंद. किडा तहानेने मरतो. हे वाचल्यापासून मी कोठीत गहू थेट भरत नाही. जाड प्लास्टिकच्या लहान लहान पिशव्यांत, हवा दाबून काढून, दोरीने करकचून बांधून भरते. एक पिशवी सोडली तरी बाकीच्यांना हवा लागत नाही. पत्र्याच्या कोठीचं झाकण कितीही घट्ट बसलं तरी ते हवाबंद नसतं.

डाळीला आणि अख्ख्या मुगाला एरंडेल तेलाचा हात लावायची पद्धत उत्तम आहे. तेलाच्या थरामुळे अंडं दाण्याला नीट चिकटत नाही आणि चिकटलंच तर त्याला श्वास मिळत नाही. कडुलिंबाचा पाला किड्याची भूक मारतो, पण तो सावलीत पूर्ण वाळलेला हवा. हिरवा पाला घालणं म्हणजे धान्यात पाणी घालणं. बोरिक पावडर मात्र मला पटत नाही. किडा मरतो हे खरं, पण खाण्यात घालायला परवानगी नसलेलं रसायन रोजच्या तांदळाला चोळायचं आणि धुतलं गेलं असेल असं मानायचं, हे कशाला?

किड्यांपेक्षा गुपचूप काम करतो तो खवटपणा. तेलातल्या मेदाम्लांवर प्राणवायू चढाई करतो, आणि दर दहा अंशांमागे अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो असा रसायनशास्त्राचा ढोबळ नियम आहे. पंचवीस अंशांवर चार महिने टिकणारी वस्तू पंचेचाळीसला महिन्यात संपली, असा हिशोब. यात पहिला बळी जवसाचा. विदर्भात जवसाची चटणी नाही असं घर विरळा, आणि जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक वाटा अल्फा लिनोलेनिक आम्लाचा असतो. तब्येतीला चांगलं, पण प्राणवायूला तेवढंच आवडतं. क्रिकेटच्या बॅटला आणि लाकडी दाराला जवसाचं तेल लावतात ते उगाच नाही. हवा खाऊन ते घट्ट होतं, लाकडावर पापुद्रा धरतं. तीच क्रिया चटणीच्या डब्यात झाली की जुन्या रंगासारखा वास येतो. अख्खं जवस मात्र महिनोन्‌महिने राहतं, कारण तेल आत आणि हवा बाहेर. कुटलं की दोघांची गाठ पडते. गव्हाच्या पिठाचं तेच, बाजरीच्या पिठाचं तर फारच लवकर. अख्खा दाणा हाच खरा हवाबंद डबा, आणि गिरणीतून येताना आपण तो फोडून आणलेला असतो. म्हणून माळ्यावर गहू चालतो, शेंगदाणे, सुकामेवा आणि तेलाचा डबा चालत नाही. त्यांची जागा खाली, थंडाव्याला. आणि जवसाची चटणी आठवड्यापुरतीच.

शेंगदाण्याबद्दल जरा कडक राहावं लागतं. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाहून जास्त टर्की पक्षी अचानक मेले. शोध घेत गेल्यावर कारण निघालं त्यांना खाऊ घातलेली शेंगदाण्याची पेंड, आणि तिच्यावरच्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन. दमट शेंगदाण्यावर ती बुरशी सहज येते आणि भाजल्याने विष पूर्ण जात नाही. सुरकुतलेले, काळसर, कडू दाणे भाजीच्या कूटात खपवायचे नाहीत, टाकायचे.

भिवापुरी मिरचीचं तिखट काचेच्या बरणीत, खिडकीजवळ ठेवलं की फार सुंदर दिसतं. दोन महिन्यांनी विटकरी होतं. मिरचीचा लाल रंग ज्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचा, ती उजेडात आणि हवेत मोडतात. तिखटपणा देणारं कॅप्सेसिन त्या मानाने टिकाऊ. त्यामुळे जुन्या तिखटाचा रंग जातो आणि ठसका राहतो. मग रंगासाठी अंदाजाने जास्त घालतो आणि सावजी रश्श्याला घाम फुटतो. हळदीतलं कर्क्युमिनही उजेडाला नाजूक. मोठा साठा स्टीलच्या डब्यात अंधारात, आणि मसाल्याच्या डब्यात पंधरा दिवसांपुरतं, एवढं केलं तरी पुरे. तिखट फ्रिजमध्ये ठेवत असाल तर डबा बाहेर काढल्या काढल्या उघडू नका. पावसाळ्यात थंड तिखटावर दव पडतं आणि गुठळ्या होतात.

साठवणीचा शास्त्रशुद्ध विचार करणाऱ्या पहिल्या स्वयंपाकघरांपैकी एक १९२६ चं, फ्रँकफर्टचं. वास्तुकार मार्गारेटे शूटे-लिहोत्स्की यांनी ओट्याशेजारी ॲल्युमिनियमचे लहान कप्पे बसवले, प्रत्येकावर नाव, ओतायला तोंड. पिठाचा कप्पा मात्र ओक लाकडाचा, किडे लागू नयेत म्हणून. हाताशी काय हवं, किती पावलं वाचतात, याचा तो हिशोब आजच्या मॉड्युलर किचनमध्येही चालतो. फक्त त्यात मेमधला स्लॅब धरलेला नाही. गॅसच्या डोक्यावर मसाल्यांचं कपाट सुतार हौसेने करून देतो, ते आमच्याकडे आता चहाच्या कपांचं झालंय.

राहिले कांदे-आलू. दोघांना एकाच टोपलीत ठेवायची सवय बहुतेक घरांत असते. आलू हळूहळू पाणी सोडतो, कांद्याला कोरडी खेळती हवा लागते. कांदा जाळीत टांगलेला बरा. आलूला अंधार हवा, कारण उजेडात तो हिरवा होतो आणि त्यासोबत सोलानिन हे विषारी द्रव्य वाढतं. फ्रिजमध्ये ठेवला तर त्यातल्या स्टार्चची साखर होते, आणि तळला की काप काळपट पडतात. पण उन्हाळ्यात घोळ वेगळाच होतो. तापमान वाढलं की आलू जोरात श्वास घेतो, आणि बांधलेल्या पिशवीत त्याच्या पोटापर्यंत प्राणवायू पोचत नाही. बाहेरून टणक, कापल्यावर मधोमध काळा डाग. मागच्या मेमध्ये तीन किलो आलूंपैकी निम्मे असे निघाले तेव्हा मी दुकानदाराशी भांडून आले. पिशवी मीच बांधून, मीच माळ्यावर ठेवली होती.

आता आलू माठाच्या तिपाईखाली, उघड्या पाटीत असतात. माठाचं पाझरणारं पाणी वाफ होताना तिथली हवा थंड ठेवतं, तेही कुलरचंच शास्त्र. मिठाची बरणी तिथून सगळ्यात लांब, कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेली आहे. काकू आल्या की अजूनही आधी ती तिरपी करून बघतात.