हवेत मात्रा वाढवता येत नाही

स्केटिंगच्या क्लासबाहेर बाकावर बसणाऱ्या पालकांचं एक मत पक्कं असतं. गॅदरिंगसाठी गाणं निवडायची वेळ आली की कुणीतरी म्हणतंच, "ते व्हायोलिनचं वेस्टर्न क्लासिकल काहीतरी घ्या हो. संथ असतं, पोरांना सोपं जाईल. ढोल नको, नुसती धांदल उडते." नाशिकमध्ये स्केटिंग म्हणजे चाकांचंच. पण हिवाळी ऑलिंपिकमधल्या फिगर स्केटिंगचे व्हिडिओ आता सगळ्यांच्या मोबाइलवर येतात, आणि सिंफनीवर अलगद घरंगळत जाणारी ती मंडळी बघून हा समज आणखी घट्ट होतो.

माझ्या मते प्रकरण नेमकं उलटं आहे. संगीत जितकं संथ आणि लयीला जितकं सैल, तितकं त्यावर स्केटिंग अवघड. याचं मोठं कारण उडीत आहे.

पाय जमिनीवरून सुटला की शरीरावर गुरुत्वाकर्षण तेवढं उरतं. हवेचा विरोध असतो, पण या वेगाला तो किरकोळ, सोडून देऊ. शाळेत शिकलेली गतीची समीकरणं वापरली तर हवेतला एकूण वेळ असा निघतो: शरीराचा गुरुत्वमध्य किती मीटर वर गेला ते घ्या, त्याला ८ ने गुणा, ९.८ ने भागा आणि वर्गमूळ काढा. अर्धा मीटर उंचीला ०.६४ सेकंद. साठ सेंटिमीटरला ०.७० सेकंद. यात वजन कुठेच नाही. बर्फावरून ताशी २० किलोमीटरने आलात की जागच्या जागी उडालात, यानेही फरक पडत नाही. फक्त उंची. आणि जगातले उत्तम स्केटरही चार फिरक्यांची उडी मारतात तेव्हा हवेत याच्याच आसपास असतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इलिया मालिनिन या १७ वर्षांच्या अमेरिकी मुलाने स्पर्धेत पहिल्यांदा चौपट ॲक्सल मारला. ॲक्सल ही एकच उडी तोंड पुढे ठेवून मारतात, त्यामुळे तिच्यात अर्धी फिरकी जास्तीची, म्हणजे एकूण साडेचार. त्यालाही गुरुत्वाकर्षणाने सवलत दिली नाही.

ही बेरीज-वजाबाकी घरी तपासता येते. माझ्या भाचीची उडी मी मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये घेतली. सेकंदाला २४० फ्रेम. मागची चाकं कोब्यावरून सुटली ती फ्रेम शोधली, पुन्हा टेकली ती शोधली, मधल्या मोजल्या: ९६. म्हणजे ०.४ सेकंद. ज्या अंगस्थितीत सुटली त्याच स्थितीत उतरली असं धरलं तर उंची निघते जेमतेम २० सेंटिमीटर. "मामा, तुझा फोन चुकतोय," असं तिचं म्हणणं. ती दीड फूट उडते, हे अख्ख्या बॅचला ठाऊक आहे म्हणे.

आता गंमत अशी, की हवेत असताना स्केटरच्या हातात बरंच काही असतं. जमिनीवरून निघताना अंगात जेवढा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, घेतला तेवढाच शेवटपर्यंत राहतो. तो म्हणजे जडत्व आघूर्ण (अंग फिरण्याला किती विरोध करतं त्याचं माप) गुणिले कोनीय वेग (फिरण्याचा वेग). वस्तुमान अक्षापासून जितकं लांब, तितकं जडत्व आघूर्ण जास्त, आणि तेही अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून हात छातीशी आवळले, पाय एकमेकांना लपेटले की आघूर्ण घटतं आणि वेग तेवढ्याच पटीने वाढतो. चौपट उडीत हा वेग सेकंदाला पाच-सहा फेऱ्यांपर्यंत जातो, मिनिटाच्या हिशेबात ३०० च्या वर. हात उघडले की फिरणं मंदावतं. तेव्हा किती भरभर फिरायचं हे हवेतही ठरवता येतं. कधी उतरायचं हे मात्र नाही. पाय पाच सेंटिमीटर लवकर खाली ताणला, तर? उतरताना खाली येण्याचा वेग सेकंदाला साधारण सव्वातीन मीटर असतो, म्हणजे हाती लागतात ०.०१६ सेकंद. बस्स. उडी मुद्दाम बुटकी मारावी म्हटलं तर फिरक्या पुऱ्या होत नाहीत, आणि उंच मारावी म्हटलं तर दुप्पट वेळेला चौपट उंची लागते.

हे संगीतावर बसवून बघू. रचना संथ आहे, मिनिटाला ६० ठोके. एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंत एक सेकंद. तुम्ही ठोक्यावर उडालात आणि ०.६५ सेकंदाने खाली आलात. पुढचा ठोका अजून ०.३५ सेकंद लांब. उतरलात ते ना धड ठोक्यावर, ना बरोबर मधोमध. पूर्ण सेकंदभर हवेत राहायचं तर गुरुत्वमध्य १.२२ मीटर वर न्यावा लागेल. वाद्यवृंदाने दोन सेकंदांचा लांब स्वर धरला आणि तो सगळा उडीने भरायचा, तर ४.९ मीटर, म्हणजे दीड मजला.

मग बसतं कशावर? व्हिएन्नाच्या वॉल्ट्झवर, म्हणजे तिथल्या जोडीनृत्याच्या संगीतावर. योहान श्ट्राउस धाकटा याचा १८६७ चा 'ब्लू डॅन्यूब' बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेला असतो. या घराण्याचा वॉल्ट्झ नाचात मिनिटाला साधारण १८० ठोक्यांनी जातो, तीन-तीनच्या गटात. दोन ठोक्यांचा वेळ ०.६७ सेकंद, आणि त्याला लागणारी उंची साडेचोपन्न सेंटिमीटर! पहिल्या ठोक्यावर उडी, तिसऱ्यावर पाय बर्फाला. हे उत्तर कागदावर निघालं तेव्हा मी ते बायकोला दोनदा समजावून सांगितलं. (व्हिएन्नाचे वादक दुसरा ठोका परंपरेने जरा आधीच टाकतात, पण त्या क्षणी स्केटर हवेत असतो, त्याचं काही बिघडत नाही.) म्हणजे क्लासिकल म्हणून अवघड असं नाही. संथ आणि लवचीक म्हणून अवघड.

नाचणाऱ्यांना हे दुखणं का नाही? नाशिकच्या कालिदास कलामंदिरात कथकचा कार्यक्रम बघताना, नर्तकी चक्कर घेते तेव्हा तबलजीचे डोळे कुठे असतात ते बघा. ते तिच्या पायांवर असतात. तिचा पाय जमिनीवर आहे, त्यामुळे ती चक्कर आवरू शकते, लांबवू शकते, आणि तबलजीही तिला सांभाळून घेतो. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, दोघांनी मिळून गाठायची असते. स्केटरच्या संगीतात वाजवणारे शंभर जण असले तरी ती शेवटी एक फाइल असते. ती कुणाकडे बघत नाही. त्यामुळे स्केटरला तिहाईसारखा (एकच तुकडा तीनदा घेऊन बरोबर समेवर येणं) उलटा हिशेब करावा लागतो: उतरायचं ठोक्यावर, तर उडायचं त्याच्या ०.६५ सेकंद आधी, त्याच्या आधी वळण, त्याच्या आधी वेग. मिनिटाला ६० ठोक्यांच्या रचनेत हा उडण्याचा क्षण मागच्या ठोक्यानंतर ०.३५ सेकंदाने येतो. तिथे अनेकदा काहीच वाजत नसतं. सगळ्यात जोखमीची हालचाल करायची आणि कान म्हणणार, इथे काही नाही.

सगळी लवचीकता उडीआधीच्या पावलांत शोधायची, पण तीही फुकट नाही. पाच मीटर त्रिज्येच्या वळणावर सेकंदाला पाच मीटरने गेलात तर अंग सरळ रेषेपासून २७ अंश कलावंच लागतं. संगीत दुप्पट घाईला आलं म्हणून त्याच वेगात तेच वळण निम्म्या वेळात घेतलंत, तर त्रिज्या निम्मी होते आणि कल ४५ अंशांच्या वर जातो.

दुसरं कारण मेंदूतलं आहे. ठोका ऐकून मग हालचाल केली तर उशीर ठरलेला, कारण ऐकण्यापासून स्नायू हलेपर्यंत सेकंदाचा दीड दशांश तरी जातो. म्हणून मेंदू ठोका ऐकत नाही, त्याचं भाकीत करतो. एकसारख्या टिकटिकीवर बोटाने टकटक करायला सांगितलं तर बहुतेक माणसं टिकटिकीच्या काही शतांश सेकंद आधीच बोट टेकवतात, आणि त्यांना वाटतं अगदी जुळलं. दोन ठोक्यांतलं अंतर वाढत गेलं की भाकितातली चूकही वाढते. अंतर दीड-दोन सेकंदांच्या पुढे गेलं की भाकीत कोलमडतं आणि माणूस नुसता प्रतिक्रिया देऊ लागतो. संथ म्हणजे सोपं हा समज इथेच निकालात निघतो.

त्यात स्वर सुरू कधी झाला हेच व्हायोलिनमध्ये धूसर असतं. नाशिक ढोलावर टिपरू पडलं की आवाज काही सहस्रांश सेकंदांत टोकाला जातो. ठोका कुठे आहे यावर वाद नाही, छातीत कळतो. गज तारेवर अलगद ठेवून फुलवलेला स्वर भरायला मात्र सेकंदाचा दशांशही लागू शकतो. मग ठोका कुठला, सुरुवातीचा की भरल्यानंतरचा? शिवाय ऑलिंपिकचं रिंक ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद. थंड हवेत आवाज सेकंदाला ३३५ मीटरच्या आसपास जातो, म्हणजे या टोकाचा आवाज त्या टोकाला ०.१८ सेकंदाने पोचतो. स्पीकर जागोजागी टांगतात म्हणून एवढा फरक पडत नाही, पण बर्फ आणि भिंतींवरून येणारे प्रतिध्वनी असतातच, आणि वाद्यवृंदाचा हळुवार भाग प्रेक्षकांच्या कुजबुजीत आणि पात्याच्या खरखरीत बुडतो.

प्रेक्षक मात्र एका बाबतीत उदार असतो. टीव्ही प्रसारणासाठी झालेल्या चाचण्यांत दिसलं, की आवाज चित्राच्या ०.०४५ सेकंद आधी आला तर लोकांच्या लक्षात येतं, पण उशिरा आला तर ०.१२५ सेकंदापर्यंत लक्षात येत नाही. निसर्गात आवाज उशिराच येतो, त्याची सवय. माझा तर्क असा, की पाय ठोक्याच्या किंचित आधी टेकला तर खपून जावा आणि नंतर टेकला तर डोळ्यांत यावा.

क्लासिकल म्हटलं की एक फॉरवर्ड येतंच: मोझार्ट ऐकवा, मुलं हुशार होतात, तोल सुधारतो, गर्भातल्या बाळालाही फायदा. मूळ प्रयोग १९९३ चा, 'नेचर' या नियतकालिकात छापलेला, आणि तो कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर होता. आकृत्यांच्या कोड्यांत त्यांचे गुण थोडे वाढले, तेही दहा-पंधरा मिनिटांपुरते. बाळांचा त्यात संबंधच नव्हता. तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने नवजात बाळांना क्लासिकलच्या सीडी देण्यासाठी सरकारी पैसा मागितला. पुढच्या तपासण्यांत तो परिणाम विरघळत गेला, पण सीडी विकणाऱ्यांचं काही अडलं नाही. मोझार्ट जरूर ऐका, चांगला आहे म्हणून ऐका.

क्लासिकलवरच्या स्केटिंगचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण घ्या. १४ फेब्रुवारी १९८४, सारायेव्हो ऑलिंपिक, जेन टॉर्व्हिल आणि क्रिस्टोफर डीन ही ब्रिटिश जोडी, संगीत फ्रेंच संगीतकार राव्हेलचं १९२८ चं 'बोलेरो'. सहापैकी सहा गुण त्यांना त्या एका नृत्यात बारा वेळा मिळाले. मूळ रचना पाव तासाची, कापून कापून ती ४ मिनिटं २८ सेकंदांवर आली, त्याखाली येईना. तेव्हाच्या नियमाची मर्यादा ४ मिनिटं १० सेकंद. पण घड्याळ तेव्हा लागायचं स्केटिंग सुरू झाल्यावर, म्हणून पहिली १८ सेकंदं दोघं बर्फावर गुडघ्यांवर बसूनच डोलत राहिले. लोक हा किस्सा सांगतात, पण मला दुसरी गोष्ट मोठी वाटते: 'बोलेरो'त पहिल्यापासून शेवटपर्यंत एक छोटा ड्रम तोच ठेका तसाच धरून ठेवतो, आणि आइस डान्समध्ये, म्हणजे त्यांच्या बर्फावरच्या जोडीनृत्याच्या प्रकारात, अशा फिरक्यांच्या उड्या नसतातच. दोन्ही अडचणी त्यांनी निवडीतच टाळल्या. २०१० मध्ये व्हँकुव्हरला मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट ही अमेरिकी जोडी हिंदी सिनेसंगीतावर नाचली तेव्हाही खाली ठेका खणखणीत होता. २०१४-१५ च्या हंगामापासून एकेरी आणि जोडीच्या स्पर्धांतही शब्द असलेली गाणी चालू लागली, आणि ठळक ठेक्याची पॉप गाणी रिंकवर वाढली, यात मला नवल वाटत नाही.

आपल्या विलंबित एकतालाचं, म्हणजे बारा मात्रांच्या संथ तालाचं काय, हाही हिशेब मी करून पाहिला. चौथ्या मात्रेला 'तिरकिट' येतं, चार बोलांचं. मात्रा चार सेकंदांची असेल तर एका बोलापासून पुढच्या बोलापर्यंत एक सेकंद, म्हणजे तीच ६० ठोक्यांची अडचण. पण लय जरा चढी ठेवून मात्रा २.६ सेकंदांची केली, आवर्तन ३१ सेकंदांचं, तर 'ति'वर उडी आणि 'र'वर पाय बर्फाला. तबलजीला फक्त आधी सांगून ठेवावं लागेल की चारही बोल सारख्या अंतरावर टाक.