खडकांच्या हजेरीतला खाडा

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सिकार पॉइंट नावाचं एक टोक समुद्रात घुसलेलं आहे. खाली करड्या खडकाचे थर जवळजवळ उभे, फडताळात वह्या रचाव्यात तसे. त्यांच्या झिजलेल्या माथ्यावर तांबड्या वालुकाश्माचे थर किंचित कलते पसरलेले. दोन्ही खडक एकमेकांना घट्ट चिकटलेले आहेत, पण त्या सांध्यात सुमारे ६.५ कोटी वर्षं गडप आहेत. दख्खनचा लाव्हा वाहिला त्यालाही आज जवळपास तेवढीच वर्षं झाली.

भूशास्त्रात अशा सांध्याला विसंगती म्हणतात. मला विचाराल तर ‘खाडा’ हा शब्द जास्त चपखल. साचणं थांबलं, किंवा साचलेलं झिजून वाहून गेलं आणि पुढे कधीतरी त्यावर नवे थर बसले, की मधल्या काळाची हजेरीच लागत नाही.

थर साचताना आडवे साचतात आणि खालचा आधीचा असतो, हे निकोलस स्टेनोने १६६९ मध्येच मांडलं होतं. म्हणजे उभे थर नंतर कधीतरी उभे झाले, एवढं उघड होतं. अडचण होती ती वेळेची. आर्चबिशप अशर यांनी बायबलवरून हिशेब करून सृष्टीची सुरुवात इ. स. पू. ४००४ मध्ये धरली होती. सहा हजार वर्षांत एवढी उलथापालथ बसवायची कशी?

जेम्स हटन हा एडिनबरोचा. शिकला वैद्यकी आणि केली शेती. बेरिकशरमधल्या आपल्या शेतातली माती पावसाबरोबर वाहून जाताना तो बघत असे. हे असंच चालू राहिलं तर जमीन संपायला हवी. ती संपत नाही, त्याअर्थी समुद्रतळाशी नवी जमीन घडत असणार आणि वर उचलली जात असणार, असं त्याने ताडलं. १७८५ मध्ये एडिनबरोच्या रॉयल सोसायटीपुढे त्याने हा विचार मांडला, आणि मग पुरावा हुडकायला बाहेर पडला. १७८७ मध्ये ॲरन बेटावर आणि जेडबराजवळ त्याला असे सांधे दिसले. १७८८ मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, तो जेम्स हॉल आणि गणिताचे प्राध्यापक जॉन प्लेफेअर यांच्यासह होडीतून कड्यांच्या कडेकडेने निघाला. असा सांधा सापडणार, याचा अंदाज त्याला होताच.

सिकार पॉइंटचा अर्थ त्याने तिथेच उलगडून सांगितला. करडा गाळ समुद्रात आडवा साचला, दगड झाला, उचलला जाऊन उभा झाला, वरून झिजला. त्यावर तांबडी वाळू साचली, तळाशी करड्या खडकाचेच तुकडे घेऊन. मग तीही दगड झाली आणि कलली. काळाच्या त्या खाईत डोकावताना डोकं गरगरलं, असं प्लेफेअरने पुढे लिहून ठेवलं आहे. हटनकडे आकडा मात्र नव्हता. तो यायला किरणोत्सर्गाचा शोध लागावा लागला. युरेनियमचं ठरावीक गतीने शिसं होत जातं. १९११ मध्ये ब्रिटिश भूशास्त्रज्ञ आर्थर होम्सने या दोघांच्या प्रमाणावरून नॉर्वेतल्या एका खडकाचं वय ३७ कोटी वर्षं काढलं. सिकारचा तांबडा वालुकाश्म त्याच काळातला, भूशास्त्रज्ञ त्याला डेव्होनियन म्हणतात.

दरम्यान १८५९ मध्ये डार्विनने आपल्या ग्रंथात एक अख्खं प्रकरण या अपुऱ्या नोंदीवर खर्च केलं. उत्क्रांतीतल्या मधल्या अवस्थांचे जीवाश्म का मिळत नाहीत, याचं त्याचं उत्तर हेच होतं. विरोधकांना ती पळवाट वाटली. पण १९१७ मध्ये अमेरिकन भूशास्त्रज्ञ जोसेफ बॅरेलने दाखवलं, की मोठे खाडे सोडाच, सलग वाटणाऱ्या थरांतही बारीक बारीक खाडे भरलेले असतात.

फसवणूक होते ती तिथेच. वरचे-खालचे थर समांतर असले की डोळ्याला काहीच खटकत नाही. जीवाश्म एकदम बदलले तरच शंका येते. आडवे-उभे सांधे त्या मानाने सोपे. तिरुमलाच्या घाटात ग्रॅनाइटवर क्वार्टझाइट, म्हणजे वाळूपासून घडलेला कठीण खडक, बसला आहे, आणि मधला खाडा सुमारे ८० कोटी वर्षांचा सांगतात. बालाजीला जाणाऱ्या किती गाड्या तिथे थांबत असतील, देव जाणे.

नागपूर शहरात पश्चिमेला काळा बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा, आणि पूर्वेला शंभर कोटी वर्षांहून जुना नाईस हा पट्टेदार रूपांतरित खडक आहे. म्हणजे लाव्हा आला तेव्हा तिथली जमीन आधीच अतिप्राचीन होती. शिवाय लाव्हाही सलग आला नाही. नागपूरजवळच्या टाकळीला दोन प्रवाहांमध्ये तळ्याचा गाळ सापडतो. एकोणिसाव्या शतकात मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी तिथून गोगलगाई, फळं, बिया गोळा केल्या. मुंबईत वरळीला अशाच थरात बेडकांचे सांगाडे निघाले. १८४७ मध्ये इंग्लिश जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्या बेडकाचं वर्णन केलं. बेडूक नांदण्याइतकी उसंत दोन उद्रेकांमध्ये मिळाली होती तर.

सह्याद्रीतल्या घाटरस्त्यांच्या कापात काळ्या प्रवाहांमधून तांबड्या मातकट पट्ट्या जाताना दिसतात. तोही खाडाच. पण केवढा? काहींच्या मते ती ऊन-पावसात कुजलेल्या लाव्हाची माती, काहींच्या मते त्यात ज्वालामुखीची राखही आहे. माती असेल तर उसंत बरीच लांब. नुसती राख असेल तर फारच थोडी. बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत ओतला गेला, असं अलीकडची कालमापनं सांगतात. त्यामुळे डायनासोर संपण्यात दख्खनच्या लाव्हाचा हात किती, या वादात वीतभर जाडीची ही पट्टीही साक्षीला ओढली जाते.