बादलीभर गरम पाण्याचं गणित

गीझर घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘इन्स्टंट दाखवू की स्टोरेज?’ पाठोपाठ सल्लाही येतो, ‘इन्स्टंटच घ्या, लाइट बिल कमी येतं.’ सल्ला अगदीच चुकीचा नाही. फक्त त्यामागचं कारण बहुतेकांना वाटतं ते नसतं.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.१९ किलोज्यूल ऊर्जा लागते. १५ लिटरची बादली २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायची तर साधारण १,२५६ किलोज्यूल, म्हणजे विजेचं ०.३५ युनिट. हा आकडा कुणाला चुकत नाही. आजीच्या तांब्याच्या बंबात लाकडं घाला, टाकीचा (स्टोरेज) गीझर लावा नाहीतर जवळजवळ बिनटाकीचा (इन्स्टंट), पाण्यात शिरणारी उष्णता तेवढीच. गीझरमधलं कॉइल पाण्यातच बुडालेलं असतं, त्यामुळे दोन्ही प्रकारांत जवळजवळ सगळी वीज पाण्यातच जाते. (बंबाची गोष्ट वेगळी. त्याची निम्मीअधिक धग धुराड्यातून वर जायची.)

मग फरक पडतो कुठे? वेगात. आपल्याकडच्या इन्स्टंट गीझरची ताकद साधारण ३ किलोवॉट असते, आणि याहून फार मोठा गीझर साध्या सॉकेटवर चालणारही नाही. १६ अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला जेमतेम ३.७ किलोवॉट मिळतात. तीन किलोवॉटमध्ये मिनिटाला सुमारे दोन लिटर पाणी २० अंशांनी तापतं. म्हणजे बादली भरायला सात मिनिटं. दात घासून होईपर्यंत बादली तयार, हरकत नाही. पण शॉवर मिनिटाला आठ लिटर पाणी ओतत असेल, तर तेवढं पाणी वाहता वाहता तापवायला ११ किलोवॉट लागतील. ‘आधी पोळतं, मग एकदम कोमट होतं’ ही इन्स्टंटबद्दलची तक्रार इथूनच येते. नावाला इन्स्टंट असला तरी त्याच्या पोटात एक ते तीन लिटरची छोटी टाकी असतेच. तिच्यातलं पाणी संपलं की पुढचं पाणी कॉइलला जमेल तेवढंच तापतं. अशा वेळी मेकॅनिकला बोलावण्याआधी नळ थोडा बारीक करून पाहावा.

न्यू जर्सीतला भाऊ फोनवर सांगतो, ‘आम्ही टाकी काढून टँकलेस बसवला, दोन बाथरूम एकदम चालतात.’ तो खोटं बोलत नाही. तिकडचे गॅसवरचे मोठे टँकलेस हीटर ५० किलोवॉटच्याही पुढे जातात आणि त्यांनी हटवलेली टाकी दीड-पावणेदोनशे लिटरची असते. त्याचा अनुभव पुण्याच्या वन बीएचकेला लावता येत नाही, एवढंच.

स्टोरेज गीझर हा ताकदीचा प्रश्न आधीच काम उरकून सोडवतो. १५ लिटरची टाकी, २ किलोवॉटचं कॉइल. २० अंशांवरचं पाणी ६० अंशांवर जायला एकवीस मिनिटं. त्यात तेवढंच गार पाणी मिसळलं की ४० अंशांचं तीस लिटर, दोन बादल्या. गार पाणी टाकीत तळाशी शिरतं आणि गरम पाणी वरच्या टोकाकडून बाहेर पडतं. गरम पाणी हलकं असल्यामुळे वर तरंगत राहतं, दोन्ही थर सहजी मिसळत नाहीत, म्हणून शेवटापर्यंत कढत पाणी मिळतं. आडव्या गीझरमध्ये थरांना उंचीच कमी मिळते, त्यामुळे मिसळण जास्त होते. माळ्यावर जागा नसेल तरच आडवा घ्यावा, असं माझं मत. आणि हो, गरम पाण्याला ढकलायला मागून गार पाणी यावंच लागतं. म्हणून गच्चीवरची टाकी रिकामी झाली की भरलेल्या गीझरमधूनही थेंब येत नाही.

आता लाइट बिल. स्टोरेजमध्ये पंधरा लिटर पाणी तापवून आपण आठ लिटर वापरतो, उरलेलं दुपारपर्यंत निवत बसतं. वाया जाते ती ही वीज, आणि इन्स्टंट वाचवतो तीही हीच. चौघं एकामागून एक आंघोळीला जात असतील तर उरतंच काय? अशा घरात दोन्ही गीझरांच्या बिलात नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. ‘गीझर दिवसभर चालू ठेवला तर कमी वीज खातो’ हे मात्र साफ चूक. पाण्यातून निसटणारी उष्णता आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरते. दिवसभर ६० अंशांवर ठेवलेली टाकी दिवसभर सर्वाधिक वेगाने उष्णता गमावत असते.

माझ्या हिशेबाने बादलीवर आंघोळ करणाऱ्या एका-दोघांना किंवा स्वयंपाकघराच्या सिंकला इन्स्टंट पुरेसा आहे. शॉवर हवा असेल, किंवा निफाडसारख्या ठिकाणी पहाटेचं पाणी हात बधिर करत असेल, तर टाकीच हवी.

गॅस गीझर मिनिटाला सहा लिटरपर्यंत पाणी देतो, म्हणून मोह होतो. पण बंद न्हाणीघरात त्याच्या ज्योतीला प्राणवायू अपुरा पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्याला वास नाही, रंग नाही. हा गीझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेतच बसवायचा, यात तडजोड नाही.

बोअरचं पाणी असेल तर क्षार इन्स्टंट आणि स्टोरेज दोन्हींच्या कॉइलवर पुटं चढवतात. उंच इमारतीत खालच्या मजल्यांवर पाण्याचा दाब जास्त असतो, दर दहा मीटरला साधारण एक बार (बार हे दाबाचं माप). तेव्हा खोक्यावरचा बारचा आकडा वाचूनच गीझर घ्या. स्टोरेज गीझर तापताना खालच्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकलं तर घाबरू नका. २० वरून ६० अंशांवर जाताना पंधरा लिटर पाणी फुगून सव्वादोनशे मिलिलिटरने वाढतं. ते पेलाभर जास्तीचं पाणी तिथूनच बाहेर पडतं. तिथे बूच मारून ठेवलेलं मी एका घरात पाहिलं आहे. त्या घरात मी चहाही न घेता आधी गीझरचं बटण बंद केलं.