बॅकअप सुरू असताना बिलिंग का अडखळते? व्हर्च्युअल मशीनच्या नेटवर्क ड्रायव्हरमधील दुरुस्तीविषयी ग्राहकांसाठी माहिती

सप्रेम नमस्कार.

आमच्या देखभालीखालील काही कार्यालयांतून अलीकडे एकाच स्वरूपाची तक्रार येत आहे. एरवी बिलिंगचे सॉफ्टवेअर व्यवस्थित चालते. मात्र सर्व्हरवरून बॅकअप सुरू झाला, किंवा कोणी त्यावरून मोठी फाइल उतरवून घेऊ लागले, की सर्वांचेच काम अडखळू लागते आणि बॅकअप संपताच ते आपोआप सुरळीत होते. हा इंटरनेटचा दोष समजून काही ग्राहकांनी अधिक वेगाची जोडणी घेतली. तो खर्च वाया गेला याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते, कारण ही सारी वाहतूक कार्यालयाच्या आतल्या आत होते आणि तिचा बाहेरच्या जोडणीशी काहीही संबंध नाही. दोष व्हर्च्युअल मशीनमधील (सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या स्वतंत्र संगणकातील) नेटवर्क ड्रायव्हरच्या, म्हणजे नेटवर्कची देवाणघेवाण सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या, जुन्या कार्यपद्धतीत आहे आणि त्यावर खात्रीचा उपाय उपलब्ध आहे.

आपल्या कार्यालयातील एकाच सर्व्हरवर दोन-तीन व्हर्च्युअल मशीन चालतात. अशा मशीनला स्वतःचे खरे नेटवर्क कार्ड नसते. पाठवायची पॅकेट, म्हणजे मजकुराचे लहान तुकडे, ती एका सामायिक रांगेत ठेवते आणि खालचा मूळ सर्व्हर तिथून ती उचलून तारेवर सोडतो. लिनक्स या संगणक प्रणालीमध्ये या रांगेचा व्यवहार पाहणाऱ्या ड्रायव्हरला व्हर्टआयओ-नेट म्हणतात. लिनक्सचे विकासक रस्टी रसेल यांनी मांडलेली ही पद्धत २००८ साली लिनक्स कर्नलच्या, म्हणजे या प्रणालीच्या गाभ्याच्या, २.६.२४ या आवृत्तीबरोबर सर्वांपर्यंत पोहोचली. खऱ्या कार्डाची हुबेहूब नक्कल करण्यापेक्षा ती पुष्कळ वेगवान आहे, आणि आम्ही बसवलेल्या लिनक्स मशीनवर हाच ड्रायव्हर आहे.

पॅकेट प्रत्यक्ष बाहेर गेले की मूळ सर्व्हरने तसे कळवावे आणि मग ड्रायव्हरने ते पॅकेट हिशेबातून वजा करावे, हा सरळ मार्ग झाला. परंतु असे कळवण्यासाठी दर वेळी मशीनच्या कामात व्यत्यय आणावा लागतो आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये असा प्रत्येक व्यत्यय महाग पडतो. म्हणून जुना ड्रायव्हर ही सूचना शक्यतो घेतच नसे. पुढचे पॅकेट पाठवताना तो आधीची गेलेली पॅकेट आवरून घेई. यात एक अडचण होती. पुढचे पॅकेट आलेच नाही, तर शेवटचे पॅकेट हिशेबात तसेच अडकून राहील आणि ते पाठवणारा प्रोग्रामही त्याच्यासाठी खोळंबेल. ही अडचण टाळण्यासाठी ड्रायव्हर पॅकेट रांगेत ठेवताक्षणीच ते गेले असे मानून पाठवणाऱ्याला मोकळे करीत असे. ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल उतरवल्याबरोबर, गाडी निघण्याआधीच, पोचपावती फाडून द्यावी, तसा हा प्रकार होता. हा निष्काळजीपणा होता असे आम्ही म्हणणार नाही. त्या काळात व्यत्ययाचा खर्च वाचवणे अधिक महत्त्वाचे होते.

पुढे परिस्थिती बदलली. २०१२ साली आलेल्या ३.६ या कर्नलमध्ये लिनक्सचेच विकासक एरिक दुमाझे यांनी टीसीपीला, म्हणजे दोन संगणकांतील जोडणीवरून मजकूर क्रमाने पोहोचवणाऱ्या व्यवस्थेला, एक शिस्त लावली. एका जोडणीचा ठरावीक मजकूरच, सुरुवातीला १२८ किलोबाइट, खालच्या रांगांत पडून राहू शकेल. तो निघाल्याचे कळल्याशिवाय पुढचा खाली सोडायचा नाही. ही शिस्त संपूर्णपणे पोचपावती खरी असण्यावर अवलंबून आहे. पावती आधीच मिळत असेल, तर बॅकअपच्या जोडणीला आपला सर्व मजकूर निघून गेल्याचेच वाटते, ती पुढचा मजकूर ओतत राहते, रांग तुडुंब भरते आणि बिलिंगचे दोन-चारशे बाइटचे इवलेसे उत्तर त्या ढिगाऱ्याच्या मागे उभे राहते.

हा विलंब किती होऊ शकतो, याचा हिशेब सोपा आहे. रांगेत सामान्यतः २५६ जागा असतात आणि एका जागेत ६४ किलोबाइटपर्यंतचा गठ्ठा मावू शकतो, म्हणजे सर्वांत वाईट परिस्थितीत १६ मेगाबाइट मजकूर पुढे साचलेला असू शकतो. तेवढा मजकूर १ गिगाबिटच्या तारेवरून जायला सुमारे ०.१३ सेकंद लागतो. परंतु सर्व्हर १०० मेगाबिटच्या जुन्या स्विचला जोडलेला असेल, तर हाच काळ सुमारे १.३ सेकंदांवर जातो. एक बिल करताना सर्व्हरशी दहा-वीस वेळा देवाणघेवाण होत असल्यामुळे, त्यातल्या काहीच फेऱ्यांना असा उशीर झाला तरी काउंटरवरच्या माणसाला सॉफ्टवेअर बंद पडल्यासारखे वाटते.

२०१७ मध्ये ४.१२ या कर्नलमध्ये, पॅकेट खरोखर गेल्यावरच ते हिशेबातून वजा करण्याची नवी पद्धत या ड्रायव्हरला मिळाली. तिला नॅपी-टीएक्स म्हणतात. सुरुवातीला ती ऐच्छिक होती. २०१९ मधील ५.३ पासून ती मुळातच चालू असते. त्यामुळे लिनक्सच्या प्रकारांपैकी उबुंटू २०.०४ किंवा डेबियन ११ आणि त्यानंतरच्या आवृत्त्या असलेल्या मशीनवर बहुधा काही करावे लागत नाही. उबुंटू १८.०४ व डेबियन १० मध्ये ही सोय आहे, पण मुळात बंद आहे. सेंटओएस ७ या लिनक्सच्याच प्रकाराची अधिकृत देखभाल ३० जून २०२४ रोजी संपली असल्याने तिथे डागडुजी करण्यापेक्षा नव्या प्रणालीवर जाणेच आम्हाला योग्य वाटते. विंडोजच्या व्हर्च्युअल मशीनचा ड्रायव्हर वेगळा असून हे पत्रक त्यांना लागू नाही.

सेटिंगमध्ये ही पद्धत चालू दिसणे मात्र पुरेसे नाही. जुन्या आवृत्त्यांत नेटवर्कच्या रांगांची संख्या मशीनला दिलेल्या प्रोसेसरांशी जुळत नसेल, तर ड्रायव्हर ही पद्धत आपणहून वापरत नाही. म्हणून आम्ही दोन्ही संख्या जुळवून घेतो आणि बॅकअप मुद्दाम चालू ठेवून त्याच वेळी काउंटरवरच्या संगणकावरून पिंग, म्हणजे सर्व्हरचे उत्तर यायला लागणारा वेळ, पाहतो. बदलापूर्वीचे आणि नंतरचे आकडे आपल्याला सेवा-पत्रकावर लिहून मिळतील. आकड्यांत फरक पडला नाही, तर दुखणे दुसरे आहे असे समजून आम्ही पुढचा शोध घेऊ.

या बदलाची किंमतही सांगणे आमचे कर्तव्य आहे. पावती खरी करायची म्हणजे व्यत्यय वाढणार आणि प्रोसेसरवर थोडा अधिक भार येणार. ज्या मशीनचा प्रोसेसर आधीच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालतो, तिथे प्रथम तो भार हलका करावा असा आमचा आग्रह राहील.

बदल करताना नेटवर्कची जोडणी क्षणभर खाली घ्यावी लागते आणि रांगांची संख्या वाढवायची असल्यास मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावी लागते, म्हणून हे काम कार्यालय सुटल्यावरच करू. त्या दिवशी सर्वांनी सॉफ्टवेअरमधून बाहेर पडावे आणि आदल्या रात्रीचा बॅकअप पूर्ण झाला आहे, हे आपण स्वतः पाहून घ्यावे. बिलिंग अडखळल्याची वेळ आणि त्या वेळी सर्व्हरवर आणखी काय चालू होते, याची चार-पाच दिवसांची नोंद आपण ठेवलीत, तर आमचा तंत्रज्ञ येताच थेट कामाला लागू शकेल. देखभाल करार चालू असलेल्या ग्राहकांकडून या दुरुस्तीचे वेगळे शुल्क घेतले जाणार नाही.