उरलेल्या स्टोमा-बॅगा आणि भुत्याचा डिंक

मावशीचा फोन आला तेव्हा मी दहावीच्या रसायनशास्त्राचे पेपर तपासत होतो.

"अरे, काकांच्या त्या पिशव्या उरल्यात. प्लेटांचा एक डबा अख्खा, दुसरा अर्धा. भंगारवाला घेत नाही. शेजारच्या वहिनी म्हणतात, आजारपणाचं सामान घरात ठेवू नये, कुणाला देऊही नये. माळ्यावर टाकू का?"

मी म्हटलं, काहीही कर, पण माळ्यावर टाकू नकोस.

गेल्या वर्षी काकांच्या गुदाशयाचं ऑपरेशन झालं. आतला जोड भरून येईपर्यंत लहान आतड्याचा एक वेढा पोटावर बाहेर काढून ठेवला होता. हा स्टोमा. दिसायला लालबुंद आणि ओलसर, गालाच्या आतल्या कातडीसारखा. हात लावला तर दुखत नाही. त्याभोवती कातडीला चिकटते ती प्लेट (कुणी फ्लँज म्हणतं), आणि प्लेटच्या रिंगेत खटकन बसते ती बॅग. काही महिन्यांनी आतडं पुन्हा जोडून स्टोमा बंद झाला, काकांची पिशवीतून सुटका झाली, सामान उरलं.

असं सामान घराघरांत उरतं. ऑपरेशननंतर पहिले सहा-आठ आठवडे स्टोमाची सूज उतरत असते, त्यामुळे आधी आणलेली मोठी रिंग ढगळ होते. कुणाला एका कंपनीचा चिकटपदार्थ सोसत नाही. कधी माणूसच जातो, आणि मग त्याच्या कपाटाला महिनोन्महिने कुणी हात लावत नाही. दुसरीकडे सरकारी रुग्णालयाच्या रांगेत एखादा रुग्ण तीच प्लेट आणखी दोन दिवस टिकावी म्हणून कडांना चिकटपट्टी लावत असतो. एक प्लेट काही शे रुपयांची, आणि दर तीन-चार दिवसांनी नवी लागते.

आता तो चिकटपदार्थ. पेपर बाजूला ठेवून मी मावशीला अर्धा तास सांगितलं ते हेच. (तिने मधेच कुकर लावला.)

प्लेटमागचा पिवळसर थर म्हणजे हायड्रोकोलॉइड. त्याचा पूर्वज आपल्याच रानातला. सातपुड्यात, मेळघाटात कांडोळ नावाचं झाड आहे. हिवाळ्यात पानं झडली की पांढरं, गुळगुळीत खोड चांदण्यात चमकतं, म्हणून काही ठिकाणी त्याला भुत्याही म्हणतात. भूत वगैरे काही नाही, साल कागदासारखी सोलली जाते आणि खाली नवी फिकट साल असते, एवढंच. या झाडाचा डिंक म्हणजे कराया गम. तो पाण्यात विरघळत नाही, पाणी पिऊन कित्येक पट फुगतो. पूर्वी कवळी टाळूला चिकटवायला त्याची पूड वापरत. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकमधले शल्यचिकित्सक रूपर्ट टर्नबुल यांच्या हातून १९५२ मध्ये ही पूड चुकून सांडली आणि ओल्या जागी ती किती घट्ट बसते हे त्यांच्या लक्षात आलं, अशी गोष्ट सांगतात. त्यांनी ती स्टोमाभोवतीच्या सोललेल्या कातडीवर वापरली. त्यांचीच रुग्ण नॉर्मा गिल पुढे त्यांच्यासोबत इतर रुग्णांना बॅग लावायला शिकवू लागली आणि स्टोमा-परिचर्या ही वेगळी विद्याशाखा झाली.

आजच्या प्लेटमध्ये कराया क्वचितच असतो, पण कल्पना तीच. शेंगदाण्याची चिक्की डोळ्यांपुढे आणा. पाकाच्या जागी पॉलिआयसोब्युटिलीन हे रबराच्या जातीचं बहुवारिक, आणि दाण्यांच्या जागी तीन तहानलेल्या पुडी: पेक्टिन (पेरूची जेली घट्ट करतं ते), जिलेटिन आणि कार्बोक्झिमिथाइल सेल्युलोज, जे आइस्क्रीममध्येही घालतात. पाकाला पाणी अजिबात आवडत नाही, दाण्यांना पाण्याशिवाय काही आवडत नाही.

पाक अर्धवट घन, अर्धवट द्रव. लांबच लांब रेणू एकमेकांत शेवयांसारखे गुंतलेले. वेळ आणि ऊब मिळाली की ते सरकतात आणि कातडीच्या बारीक रेषांमध्ये उतरतात. म्हणून प्लेट लावल्यावर तिच्यावर मिनिटभर तळहात दाबून धरायचा. काढताना झटका दिला तर रेणूंना सरकायला वेळ मिळत नाही, थर घनासारखा वागतो आणि कातडीही ओढून नेतो. सावकाश सोलली तर निमूट सुटते.

पण नुसता पाक असता तर दोन दिवसांत घोळ झाला असता. कातडीतून पाण्याची वाफ सतत बाहेर पडत असते, घाम आला नाही तरी. साधी चिकटपट्टी बोटाला दोन दिवस ठेवली की खालची कातडी पांढरी पडून सुरकुतते ती यामुळेच. प्लेटमध्ये ही वाफ दाणे पितात, फुगून जेल होतात आणि तो जेल ओल्या कातडीला धरून राहतो. कोरडं असताना पाक चिकटतो, ओल आली की दाणे. शिवाय इलिओस्टॉमीतून (म्हणजे काकांसारख्या लहान आतड्याच्या स्टोमातून) येणारा पातळ मल स्वादुपिंडाची पाचक विकरं (एन्झाइम) घेऊन येतो. त्यांना डाळीतलं प्रथिन आणि पोटाच्या कातडीतलं प्रथिन यांत फरक कळत नाही. थर आहे तोवर कातडी वाचते.

आणि इथेच माळ्याचा प्रश्न येतो. वेष्टन उघडं राहिलं तर कोकणातल्या जुलैची हवा दाणे पितात, आणि प्लेट पोटावर बसायच्या आधीच अर्धी तहान भागलेली असते. मे महिन्यात पत्र्याखाली पाक पातळ होऊन कडांनी पाझरतो. काही प्लेटांत आयसोप्रीनच्या जातीचं रबर असतं, त्याच्या साखळीत कार्बनचे दुहेरी बंध उरलेले असतात. हवेतला ऑक्सिजन तिथेच चावा घेतो, रेणू तुटतात किंवा एकमेकांना नको तिथे जोडले जातात, आणि थर बिघडतो. तापमान १० अंशांनी वाढलं की अशा क्रिया साधारण दुप्पट वेगाने होतात, हा ढोबळ नियम आठवत असेल. जुना कराया तर चक्क व्हिनेगरचा वास सोडतो, कारण त्याच्या रेणूवरचे ॲसिटिल गट सुटून ॲसेटिक आम्ल होतं.

"म्हणजे ती तारीख खरी असते?" मावशीने विचारलं. एक्स्पायरी हे कंपन्यांचं कारस्थान, असा मजकूर तिच्या भिशीच्या ग्रुपवर फिरत होता. तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी प्लेट विषारी होत नाही, हे खरं. पण ती भर बाजारात सुटू शकते, आणि तसं झालेल्या माणसाला कारस्थानाचा सिद्धांत सांगून पाहा. नुसत्या बॅगेचं त्यामानाने बरं असतं, तिला कातडीला चिकटणारा थर नसतो. प्लेट आणि स्टोमामधली फट भरायच्या पेस्टच्या नळीत अल्कोहोल असेल तर उघडल्यावर ती सुकत जाते.

मी मावशीला डबा खिडकीशी न्यायला लावलं. वाळूच्या घड्याळाच्या चित्राशेजारी वापरायची अखेरची तारीख असते, कारखान्याच्या चित्राशेजारी बनवल्याची. त्याखेरीज कंपनी, क्रमांक आणि रिंगेचा आकार. एका कंपनीच्या रिंगा ४५, ५७, ७० मिलिमीटरच्या, दुसरीच्या ४०, ५०, ६०. एकीची बॅग दुसरीच्या प्लेटवर बसत नाही, म्हणून जोडी मोडून देऊ नये. आपल्या स्टोमाच्या मापाचं भोक कापलेल्या प्लेटा वेगळ्या काढायच्या, त्या दुसऱ्याच्या स्टोमाला सहसा जुळत नाहीत.

हे सगळं कागदावर लिहून मोठ्या रुग्णालयाच्या स्टोमा क्लिनिकला फोन करायचा. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये असं क्लिनिक आहे, शिवाय ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही रुग्णांची संस्था आहे. घेणार का, काय घेणार, हे आधी विचारावं. न विचारता खोकं नेऊन टेकवू नये. अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी फ्रेंड्स ऑफ ऑस्टोमेट्स वर्ल्डवाइड ही संस्था न वापरलेलं सामान गोळा करून इतर देशांत पाठवते. मुदत संपलेलं सामान नर्सिंग कॉलेजला सरावासाठी चालतं का विचारावं, नाहीतर सुक्या कचऱ्यात. संडासात काहीही टाकायचं नाही.

वहिनींच्या म्हणण्याबद्दल एवढंच, की सीलबंद प्लेटला आजार माहीत नसतो. तिला ओल आणि ऊब तेवढी कळते.

आठवड्याने मावशीकडे गेलो. अख्खा डबा आणि अर्ध्यातल्या न कापलेल्या प्लेटा क्लिनिकमध्ये पोचल्या होत्या. घेण्याआधी नर्सने तीनच गोष्टी विचारल्या: कंपनी, रिंग, तारीख. कापलेल्या दोन प्लेटा उरल्या होत्या. काकांना नवी चप्पल चावत होती, टाच नुसती लाल झाली होती, फोड नव्हता. (प्लेट निर्जंतुक नसते, उघड्या जखमेवर लावू नये.) त्यांनी कात्रीने प्लेटचा चौकोन कापला, टाचेवर ठेवला, आणि बोलता बोलता सवयीने त्यावर मिनिटभर तळहात दाबून धरला.