मेळघाटातलं कुपोषण १९९३ साली सुरू झालं नाही

पावसाळा लागला की मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या सुरू होतात. धारणी आणि चिखलदरा हे अमरावती जिल्ह्यातले दोन तालुके राज्याला माहीत झाले ते याच बातम्यांमुळे. १९९३ मध्ये पत्रकार आणि कार्यकर्त्या शीला बारसे यांनी इथल्या मुलांच्या मृत्यूचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला. त्याच सुमारास जव्हारकडच्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनीही सरकारला जाब विचारायची वेळ आणली होती. तेव्हापासून कुपोषण म्हणजे १९९३ नंतरची गोष्ट, असा समज होऊन बसला. मला तो मुळातच चुकीचा वाटतो.

कोरकू या इथल्या आदिवासींच्या ताटातलं अन्न कमी होत गेलं ते हळूहळू. इंग्रजांनी १८६६ मध्ये मेळघाटच्या जंगलाचा काही भाग राखीव केला आणि पुढे फिरती शेती बंद पडत गेली. कुटकी, कोदो, सावा ही धान्यं, मोहफुलं, चारोळी, कंद, रानभाज्या, ओढ्यातले मासे, लहानसहान शिकार, हे सगळं मिळून त्यांचा आहार होता. त्यातलं बरंचसं एकेक करून कायद्याच्या कचाट्यात सापडलं. १९७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, बंधनं आणखी वाढली. उरल्यासुरल्या शेतात कुटकीच्या जागी सोयाबीन आलं, आणि ते विकायचं पीक. रेशनच्या गहू-तांदळानं पोट भरतं, पण लोह, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ त्यातून पुरेसे मिळत नाहीत.

त्यात वर्षाचं चक्र असं, की खरीप निघाला की कुटुंबं परतवाडा, अकोटकडे कामाला जातात आणि होळीला गावी येतात. जुलै-ऑगस्टपर्यंत कोठीतलं धान्य संपलेलं असतं. नेमकी तेव्हाच निंदणी चालू असते आणि गरोदर बाईही शेतात असते. हगवण आणि न्यूमोनियाही त्याच महिन्यांतले. नाल्यांना पूर आला की गाडी गावापर्यंत पोचत नाही. धारणीहून अमरावती जवळपास दीडशे किलोमीटर, तेही घाटातून.

सरकारचं उत्तर म्हणजे १९९५ ची नवसंजीवन योजना. मुलाचं वजन करायचं, कुपोषणाची श्रेणी ठरवायची, अतितीव्र असेल तर भरती करायचं. पुढे दंडाचा घेर मोजायची पट्टी आली, ११.५ सेंटीमीटरच्या खाली म्हणजे लाल, अतितीव्र. आईच्या वाट्याला काय आलं, तर मातृत्व अनुदानाचे ८०० रुपये, त्यातले ४०० औषधांच्या रूपात. रक्त कमी असलेल्या आईच्या पोटी दीड-दोन किलोचं बाळ येतं आणि आपण त्याला जन्मानंतर तराजूत घालतो. या उलट्या क्रमाचा मला राग येतो. दोष मात्र सहज भूमकावर, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूवर, टाकला जायचा. बाळाच्या पोटावर चटके द्यायची ‘डंबा’ ही प्रथा घातक आहेच, पण दवाखाना दूर असताना भूमका गावातच असतो. पुढे आरोग्य खात्यालाच भूमकांना सोबत घ्यावं लागलं.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत केलं. बाळाचा श्वास मोजणं, त्याला ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखून घरीच औषध देणं ही कामं त्या शिकल्या आणि नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. २०११ पासून देशभरातल्या आशा ताई नवजात बाळाच्या घरी जाऊ लागल्या, त्याचं मूळ इथं आहे.

अन्नाचा प्रश्न मात्र अंगणवाडीतून घरी न्यायच्या आहाराच्या पाकिटात अडकून राहिला. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, असं सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये बजावलं होतं; तरी महाराष्ट्रातल्या निविदांचं प्रकरण पुन्हा तिथंच गेलं, त्याचा निकाल २०१९ मध्ये लागला. आणि घरी नेलेलं पाकीट एकट्या गरोदर बाईच्या पोटात कुठं जातं? घरातली सगळी पोरं खातात, सून शेवटी जेवते.

म्हणून २०१५ ची अमृत आहार योजना मला महत्त्वाची वाटते. आदिवासी भागातल्या बाईनं अंगणवाडीत बसून जेवायचं: भाकरी किंवा चपाती, भात, डाळ, पालेभाजी, गूळ-शेंगदाण्याचा लाडू, अंडं किंवा केळं. ते ताट तिचं एकटीचं. पण मिळतं ते गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतरचे सहा महिने. पोटात बाळ धरतं त्या पहिल्या सहा महिन्यांत तिच्या हाती असतं ते घरी न्यायचं पाकीट आणि लोहाच्या गोळ्या.